इंजिनिअरिंगच्या वर्गात ज्ञानरचनावाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, फिजिक्स असे विषय पदवीला शिकवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. एफडीपीच्या (प्राध्यापकांच्या प्रशिक्षण कार्यक्रमाच्या) चहाच्या सुट्टीत आणि स्टाफरूममध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात तेच इथे घेतले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तरं लांबली आहेत, बाकी ठिकाणी दोन ओळींत आटपलं आहे.

ज्ञानरचनावाद म्हणजे थोडक्यात काय?

शिकणारा माणूस नवीन गोष्ट आपल्याकडे आधीपासून असलेल्या समजुतींशी जुळवून घेत स्वतः उभी करतो, असं हा विचार सांगतो. मुलं वाढताना ही जुळवाजुळव कशी करतात याचा अभ्यास स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी आयुष्यभर केला. रशियाच्या लेव्ह वायगॉट्स्की यांनी त्यात बोलण्याचा आणि सोबतीचा वाटा किती मोठा असतो ते दाखवलं. दोघंही १८९६ साली जन्मले. वायगॉट्स्की १९३४ मध्येच गेले, पियाजे १९८० पर्यंत लिहीत राहिले.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. माणूस शिकतो कसा, एवढंच यात सांगितलेलं आहे. शिकवायचं कसं याचा ठरावीक साचा यात नाही. तुम्ही तासभर अखंड लेक्चर दिलंत तरी समोरचा विद्यार्थी आपल्या परीने काहीतरी रचतच असतो. ते काय रचलं गेलं हे तुम्हाला थेट पेपर तपासताना कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

हा तर झेडपीच्या शाळांचा विषय ना?

महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी पोचला तो शाळांमुळेच, हे खरं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात या विचाराला जागा मिळाली, पुढे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. जमिनीवर रंगवलेले आकडे, मण्यांच्या माळा, गोलात बसलेली मुलं असं चित्र त्यामुळे डोळ्यांसमोर येतं आणि कॉलेजचे प्राध्यापक म्हणतात, आमचा काय संबंध?

संबंध उलट जास्त आहे. सहा वर्षांच्या मुलापेक्षा अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात कितीतरी अधिक आधीच रचलेलं असतं. त्यातलं बरंचसं त्याला परीक्षेत मार्क मिळवून देतं, त्यामुळे त्यात काही गडबड आहे अशी शंका त्याला येत नाही आणि आपल्यालाही येत नाही.

आमच्याकडे येणारी मुलं सीईटी, जेईई देऊन येतात. त्यांच्या मूलभूत संकल्पना पक्क्या असायला हव्यात की.

एक प्रश्न विचारून बघा. वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बरीच वर्षं वापरला. सगळे बल्ब सारखे, सगळ्या बॅटऱ्या सारख्या आणि आदर्श. पहिल्या सर्किटमध्ये एकच बल्ब. दुसऱ्यात दोन बल्ब सिरीजमध्ये. तिसऱ्यात दोन बल्ब पॅरलल. पाचही बल्बांचा उजेडाप्रमाणे क्रम लावा.

उत्तर सोपं आहे. एकटा बल्ब आणि पॅरललचे दोन्ही बल्ब सारखेच उजळतील, कारण तिघांनाही बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मिळतं. सिरीजचे दोन्ही मंद, पण एकमेकांइतकेच. कॅल्क्युलस घेऊन फिजिक्स शिकणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांत पूर्ण बरोबर क्रम लावणारे सुमारे १५ टक्के निघाले, आणि हा विषय वर्गात शिकवण्याआधी विचारा की नंतर, आकडा फारसा हलला नाही.

आपल्याकडची मुलं यापेक्षा वेगळं करतात असं मला तरी दिसलेलं नाही. किरचॉफचे नियम लावून तीन लूपची समीकरणं धडाधड सोडवणारा मुलगा इथे म्हणतो, ‘सर, सिरीजमधला पहिला बल्ब जास्त उजळेल, कारण थोडा करंट त्यातच संपतो.’ शेजारचा म्हणतो, ‘पॅरललचे मंद होतील, कारण बॅटरीतून येणारा करंट दोघांत वाटला जाणार.’ पहिल्याने करंटला पेट्रोल मानलंय, दुसऱ्याने बॅटरी ठरलेलाच करंट देते असं धरलंय. दोघांच्याही समजुतीला आतून एक सुसंगती आहे, म्हणून ‘चूक आहे, बस खाली’ म्हटल्याने ती जात नाही. समीकरणं तिच्या शेजारी सुखाने नांदतात.

प्रोग्रॅमिंगमध्ये असं काही होतं का? तिथे तर कॉम्प्युटरच चूक दाखवतो.

फार होतं. चार ओळी फळ्यावर लिहा :

अ = ५
ब = ७
अ = ब
ब = अ

शेवटी अ आणि ब मध्ये काय असेल? खरं उत्तर, दोन्हींत ७. पण वर्गातून काय काय येतं ते ऐकण्यासारखं असतं. ‘अ मध्ये ७, ब मध्ये ५’ म्हणणाऱ्याने लिहिणाऱ्याचा हेतू वाचला : अदलाबदल करायची असणार, म्हणजे कॉम्प्युटर ती करेलच. ‘एरर येईल, ५ बरोबर ७ कसं होईल?’ म्हणणारा अजून बीजगणितात आहे. ‘अ मध्ये ५ पण आहे आणि ७ पण’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात डबा आहे, ज्यात एकावर एक वस्तू टाकता येतात.

आता थोडं पुढे जा. अ = ब केल्यानंतर ब = १० केलं, तर अ किती? बरेच जण १० म्हणतात, म्हणजे दोघं कायमचे जोडले गेले अशी समजूत. हिला वेडेपणा म्हणू नका. एक्सेलमध्ये एका सेलमध्ये दुसऱ्या सेलचा पत्ता लिहिला की अगदी असंच घडतं, आणि मुलांनी एक्सेल शाळेतच पाहिलेलं असतं. पुढे पायथनमध्ये लिस्ट आली की एकाच लिस्टला दोन नावं पडतात, एका नावाने आतली किंमत बदलली की दुसऱ्या नावाखालीही बदललेली दिसते. तेव्हा मात्र ‘प्रत्येक व्हेरिएबल स्वतंत्र डबा’ हे आपणच पक्कं करून दिलेलं चित्र आडवं येतं.

इस्रायलचे मोर्देखाय बेन-आरी यांनी १९९८ मध्ये आणि नंतर २००१ मध्ये या विषयावर जे लिहिलं ते प्रत्येक कॉम्प्युटर विभागात वाचलं जावं असं मला वाटतं. त्यांचे मुद्दे दोन. फिजिक्सच्या विद्यार्थ्याकडे चुकीचं का होईना एक चित्र असतं, कारण दगड पडताना त्याने पाहिलेला असतो. प्रोग्रॅमिंगच्या नवख्या विद्यार्थ्याकडे मशीनच्या आत काय चालतं याचं कामाला येईल असं चित्रच नसतं. आणि दुसरा, इथे अंतिम उत्तर देणारी वस्तू टेबलावर हजर असते. प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही, तिथे वाटाघाटी नाहीत.

पण कॉम्प्युटर ‘चूक’ एवढंच सांगतो. का चूक, ते सांगत नाही. मग मुलगा एक सेमिकोलन इकडे, एक कंस तिकडे करत बसतो आणि कधीतरी आउटपुट बरोबर येतं. त्याच्या लेखी तो शिकला. २००१ मध्ये चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, पहिला प्रोग्रॅमिंगचा कोर्स झाल्यावर, साधे प्रोग्रॅम लिहायला दिले गेले. सरासरी ११० पैकी २२.८९ आली. शिक्षकांनी मुळात काय अपेक्षा धरली होती त्याच्या जवळपासही हा आकडा नव्हता.

म्हणून फळ्यावर मेमरीचे चौकोन काढून एकेक ओळ हाताने चालवून घेणं, म्हणजे आपण ज्याला ड्राय रन म्हणतो ते, पहिल्या सेमिस्टरचं मुख्य काम आहे. ‘वेळ उरला तर’ करायची ती गोष्ट नाही.

मग प्रत्येकाने रचलेलं ज्ञान आपापल्या जागी बरोबर, असं म्हणायचं का?

या विचाराच्या एका टोकाला तसं म्हणणारे आहेत. अर्न्स्ट फॉन ग्लासर्सफेल्ड म्हणत की ज्ञान ‘खरं’ आहे का हे तपासायला आपल्याकडे बाहेरची जागाच नाही, ते निभावतं की नाही एवढंच बघता येतं. तत्त्वज्ञान म्हणून ते ठेवा बाजूला. आपल्या विषयांत निभावण्याची कसोटी पुरेशी कडक आहे : स्लॅब उभा राहतो किंवा खचतो.

म्हणजे लेक्चर द्यायचंच नाही?

द्यायचं. प्रश्न क्रमाचा आहे. विद्यार्थी एखाद्या गोष्टीशी झटला, त्याचा अंदाज चुकला, ‘असं का झालं?’ असं त्याला वाटलं, की त्यानंतरची दहा मिनिटं तो कान टवकारून ऐकतो. तेच स्पष्टीकरण आधी दिलं तर वहीत उतरतं आणि तिथेच राहतं.

हार्वर्डच्या एरिक माझुर यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांची लेक्चरं विद्यार्थ्यांना आवडत, अभिप्राय उत्तम येत. तरी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना बल आणि गतीवरची साध्या भाषेतली संकल्पना चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला एरवी वाटतं तशी? माझुर यांनी शिकवण्याची पद्धत बदलली ती त्यानंतर, १९९१ पासून.

वर्गात नेमकं करायचं काय? एक तास कसा दिसतो?

माझुर यांची पद्धत आपल्या वर्गांना सगळ्यात सोयीची, म्हणून तीच सांगतो. आठ-दहा मिनिटं एक मुद्दा सांगा. मग पर्याय असलेला, गणित न करता विचाराने सुटणारा एक प्रश्न द्या. दोन मिनिटं चिडीचूप, प्रत्येकाने स्वतःचं उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहायचं. हा लिहिण्याचा भाग सोडू नका, नाहीतर सगळे हुशार मुलाकडे बघून हात वर करतात. मग एका झटक्यात हात : छातीशी बोटं धरून एक, दोन, तीन, चार. क्लिकर (उत्तर नोंदवायची बटणं) नकोत, ॲप नको.

साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर खरी मजा. ‘ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा.’ तीन मिनिटं वर्गात बाजार भरतो. पुन्हा बोटं. बहुतेक वेळा बरोबर उत्तराकडे मतं सरकलेली दिसतात. नुकतंच समजलेल्या मुलाला कुठे अडलं होतं ते ताजं आठवत असतं, आपल्याला ते विसरून वीस वर्षं झालेली असतात. ३० टक्क्यांच्या खाली बरोबर असतील तर चर्चा करून उपयोग नाही, आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवल्यासारखं होतं; मुद्दा वेगळ्या तऱ्हेने पुन्हा सांगा. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत आटपून पुढे चला.

याचंच जुनं भावंड म्हणजे ‘आधी एकट्याने, मग जोडीने, मग वर्गापुढे’, अमेरिकेतल्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेलं. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात ते वापरून निरीक्षणं नोंदवली गेली, २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. या कृतींच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले आढळले. आपल्या लेक्चरच्या चाळिसाव्या मिनिटाला शेवटच्या तीन बाकांकडे एकदा बघून हा आकडा ताडून पाहा.

बाकं जमिनीला खिळलेली आहेत आणि डिव्हिजनमध्ये सत्तर मुलं आहेत.

पुढच्या बाकावरची मुलं मागे वळू शकतात. बस्स.

चांगला प्रश्न लिहायचा कसा?

कष्टाचं काम हेच. चुकीचे पर्याय मनाने बनवू नका, मुलांच्याच चुकांतून उचला. व्हायवात आलेली उत्तरं, इनसेमच्या (सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेच्या) पेपरात खोडलेल्या ओळी, लॅबमध्ये कानावर पडलेलं बोलणं हा सगळा कच्चा माल. एक वही ठेवा आणि लिहीत जा.

फ्लुइड मेकॅनिक्समधलं एक उदाहरण घेऊ. आडव्या पाइपमधून पाणी वाहतंय, मध्ये पाइप अरुंद झालाय. अरुंद भागात दाब कमी, जास्त की तेवढाच? बर्नोलीचं समीकरण (प्रवाहातल्या वेगाचा आणि दाबाचा संबंध सांगणारं) कालच सिद्ध केलेलं असतं, तरी निम्मा वर्ग ‘जास्त’ म्हणतो. विचारलं तर सांगतात, ‘तिथे पाण्याची दाटी होते ना.’ दादर स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर असणार.

इथे ‘बर्नोली विसरलात का?’ असं विचारून काही साधत नाही, कारण विसरलेलं नाहीच. उपप्रश्न विचारा. अरुंद भागात वेग वाढतो का? वाढतो, कंटिन्युइटीने : जेवढं पाणी आत येतं तेवढंच पुढे जायला हवं. म्हणजे तिथे शिरताना पाण्याला त्वरण मिळतं का? मिळतं. मग त्याला पुढे ढकलणारं निव्वळ बल हवं. ते येणार कुठून? मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त असल्याशिवाय येणार नाही. इथे वर्ग क्षणभर गप्प होतो आणि कुणीतरी हळूच म्हणतं, ‘अरे, मग अरुंद भागात कमीच की.’ उत्तर न्यूटनच्या नियमातून आलं, बर्नोलीचं समीकरण फक्त त्याला दुजोरा देतं. यासाठी फळ्यावर एकही नवी गोष्ट लिहावी लागली नाही.

एवढं करत बसलो तर सिलॅबस कधी संपणार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि रास्त. सेमिस्टर उशिरा सुरू होतं, मध्ये दोन सण, एक टेक फेस्ट, एक नॅक व्हिजिट (कॉलेजच्या मूल्यांकनाची भेट). अशात सहा युनिट्स.

माझं मत सरळ आहे. सगळं सारख्याच वेगाने शिकवायचा हट्ट सोडा. प्रत्येक युनिटमध्ये एक-दोन जागा अशा असतात जिथे दरवर्षी मुलं अडखळतात. त्या जागी तास खर्च करा. व्याख्या, वर्गीकरण, फायदे-तोटे, ‘डिफरन्शिएट बिटवीन’ हे सगळं घरी वाचायला द्या. ते मुलं तसंही लोकल पब्लिकेशनच्या पुस्तकातूनच वाचतात, आपण फळ्यावर उतरवून काढण्यात दोघांचाही वेळ जातो. आपण सिलॅबस ‘संपवला’ म्हणतो तेव्हा तो आपल्या लेसन प्लॅनमध्ये संपलेला असतो.

हे सगळं चालतं याला पुरावा काय?

तांत्रिक विषयांपुरता पुरावा बराच भक्कम आहे. १९९२ मध्ये डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी बल-संकल्पना चाचणी प्रसिद्ध केली, सूत्र न लागणारे बहुपर्यायी प्रश्न. तिच्या आधारे रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्सेसमधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले. सुरुवातीला जेवढं येत नव्हतं त्यातलं किती शिकले, असं मोजलं तर नुसत्या लेक्चरच्या वर्गांची सरासरी ०.२३ आली, विद्यार्थ्यांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांची ०.४८. हे आकडे शिक्षकांनी आपणहून पाठवलेले होते, त्यामुळे चांगलं शिकवणारेच जास्त सापडले असतील ही शंका घ्यायला जागा आहे. पण २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-इंजिनिअरिंग-गणितातले २२५ अभ्यास तपासले, तिथेही दिशा तीच : नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, कृतिशील वर्गात २१.८ टक्के.

यात दोन खाचखळगे आहेत. ‘कृतिशील’ या नावाखाली या अभ्यासांत अगदी वेगवेगळ्या पद्धती एकत्र आल्या आहेत. आणि बहुतेक आकडे अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे अटेंडन्ससाठी येऊन बसलेल्या मुलांच्या वर्गात परिणाम किती दिसेल हे प्रत्येकाने स्वतः मोजून बघावं. कसं मोजायचं ते शेवटच्या उत्तरात आहे.

पण ‘मुलांना स्वतः शोधू द्या’ हे फसतं, असंही वाचलंय.

बरोबर वाचलंय. २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी लिहिलं की नवख्याला कमीत कमी मार्गदर्शनात सोडलं तर त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात जाते, कारण एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टी मोजक्याच. नवशिक्याला सोडवून दाखवलेली उदाहरणं जास्त उपयोगी पडतात. दुसऱ्या वर्षी एकदम ‘कॉलेजसाठी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम करा’ म्हणून सोडून दिलेल्या मुलांचं काय होतं ते आपण पाहतोच : एक मुलगा कोड लिहितो, तिघं पीपीटी करतात.

त्या लेखाला पुढच्याच वर्षी उत्तरंही आली. समस्या देऊन शिकवण्याच्या चांगल्या पद्धतींत मार्गदर्शन भरपूर असतं, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू दिसतात तितक्या एकमेकींच्या विरुद्ध वाटत नाहीत. नवखा असताना उदाहरण सोडवून दाखवा, मग त्यातल्या मधल्या पायऱ्या पुसून भरायला सांगा, मग पूर्ण सोडवायला द्या. सरावलेल्या विद्यार्थ्याला तेच सोडवलेलं उदाहरण उलट अडथळा होतं, हेही प्रयोगांत दिसलंय. म्हणून डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं आणि बारावीनंतर आलेली मुलं यांना एकाच बेसिक इलेक्ट्रिकलच्या शीटवर बसवणं चूक. डिप्लोमावाल्याने मोटर उघडून पाहिलेली असते, त्याला इंटिग्रेशन नडतं. बारावीवाल्याचं नेमकं उलट.

मनू कापूर यांनी सिंगापूरमध्ये सुरू केलेलं कामही बघण्यासारखं आहे. आधी न सुटणारा प्रश्न, मुलांचे अर्धवट प्रयत्न, आणि मग त्याच प्रयत्नांची तुलना करत शिक्षकाने दिलेलं पूर्ण स्पष्टीकरण. दुसरा भाग गाळला तर उरतो तो नुसता गोंधळ.

मुलं तक्रार करतात, ‘सर शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारतात.’

करणारच. २०१९ मध्ये हार्वर्डमधल्या एका प्रयोगात तेच फिजिक्स काहींना उत्तम लेक्चरने आणि काहींना कृतिशील पद्धतीने शिकवलं. कृतिशील गटाला चाचणीत जास्त आलं, पण ‘मला जास्त समजलं’ असं लेक्चरवाल्यांना वाटलं. गुळगुळीत लेक्चर ऐकताना सगळं सोपं वाटतं. स्वतः धडपडताना आपल्याला काही येत नाही असं वाटतं. हे पहिल्याच आठवड्यात मुलांना मोकळेपणाने सांगा, आकड्यांसकट. आणि फीडबॅक फॉर्म भरण्याच्या आधी एचओडींनाही (विभागप्रमुखांनाही) सांगून ठेवा.

प्रॅक्टिकलमध्ये तर मुलं हातानेच करतात. तिथे हे आपोआप होत असेल?

हात चालतात, डोकं चालतंच असं नाही. मॅन्युअलमध्ये एक ते बारा पायऱ्या छापलेल्या, ऑब्झर्व्हेशन टेबलच्या रकाना-ओळी आखलेल्या, मागच्या बॅचची फाईल शेजारी उघडी. रीडिंग ‘चुकलं’ तर ते दुरुस्त करून ग्राफ सरळ येतो. जर्नलवर सही, सबमिशन झालं.

यात बदल एकच करा : मीटर जोडण्याआधी अंदाज लेखी घ्या, कारणासकट. मग करा. मग फरक का पडला ते लिहून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड गनस्टोन यांनी सहकाऱ्यांबरोबर ही पद्धत रुळवली आणि लॅबसाठी याहून स्वस्त काही नाही.

इलेक्ट्रिकल लॅबमध्ये ४० वॅटचा आणि १०० वॅटचा, असे दोन जुने फिलामेंटचे बल्ब २३० व्होल्टवर सिरीजमध्ये लावायचे आहेत. एलईडी चालणार नाहीत, आणि जोडणी लॅब असिस्टंटच्या देखरेखीखालीच. कोणता जास्त उजळेल? बॅचमधली बहुतेक मुलं १०० वॅटवर पैज लावतात. स्विच टाकला की ४० वॅटचा झगमगतो आणि १०० वॅटचा जेमतेम तांबूस दिसतो किंवा दिसतच नाही. गलका होतो. आता हिशेब : रेटिंगवरून ४० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स सुमारे १,३२२ ओहम, १०० वॅटचा ५२९. करंट दोघांतून एकच, म्हणून जास्त रेझिस्टन्सवाला उजळतो. झालं?

नाही झालं. या हिशेबाने ४० वॅटच्या बल्बवर सुमारे १६४ व्होल्ट यायला हवेत. व्होल्टमीटर लावा, त्याहून बरेच जास्त दिसतात. मीटर बिघडलाय म्हणून मुलं दुसरा आणतात, तोही तेच दाखवतो. १०० वॅटचा बल्ब या करंटला तापतच नाही, आणि थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्यापेक्षा कितीतरी कमी असतो, हे तिथून पुढे निघतं. रेझिस्टन्स हा बल्बवर छापलेला कायमचा आकडा नाही, हे मुलांनी बारावीत वाचलेलं असतं. त्याचा अर्थ त्यांना इथे कळतो. अशा लॅबमध्ये तीन प्रयोग कमी झाले तरी माझी हरकत नाही. युनिव्हर्सिटीची असेल, म्हणून त्या तीन प्रयोगांचं डेमो देऊन टाकावं.

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे ज्ञानरचनावादच की?

कागदावर. प्रत्यक्षात शहरोशहरी ‘प्रोजेक्ट मिळतील’ अशा पाट्या आहेत. डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठाने १९७४ मध्ये सुरुवातीपासूनच सगळं शिक्षण प्रोजेक्टभोवती उभारलं, पण तिथे दर सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो, त्याला जोडून कोर्स असतात आणि गटाला मार्गदर्शक नेमाने भेटतो. तीन वर्षं पाठांतर आणि चौथ्या वर्षी अचानक ‘स्वतः काहीतरी करा’ हे जमणार नाही. दुसऱ्या वर्षापासून छोटे, दोन आठवड्यांचे, एकाच प्रश्नाचे प्रोजेक्ट द्या आणि मार्क रिपोर्टच्या जाडीवर न देता दर आठवड्याच्या बोलण्यावर द्या.

परीक्षा तर तीच आहे. मग मुलांनी हे का करावं?

गाडी अडते ती इथेच. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा (इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांत मान्यता देणाऱ्या कराराचा) पूर्ण सदस्य झाला, एनबीएसाठी (कोर्सना मान्यता देणाऱ्या मंडळासाठी) कोर्स आउटकम, प्रोग्रॅम आउटकम (म्हणजे विद्यार्थ्याला शेवटी काय यायला हवं ते), ब्लूमच्या पायऱ्या (आठवण्यापासून विचार करण्यापर्यंतच्या) हे सगळं आलं. हेतू चांगला. पण अनेक विभागांत त्याची एक्सेल शीट झाली : ‘एक्स्प्लेन’ ऐवजी ‘ॲनलाइझ’ हे क्रियापद लिहिलं की प्रश्न वरच्या पायरीचा. खाली प्रश्न तोच, पुस्तकातला, पाच वर्षांत तीनदा आलेला.

एंडसेमचा (सेमिस्टर अखेरच्या परीक्षेचा) पेपर आपल्या हातात नाही. पण इनसेमचा काही भाग, युनिट टेस्ट, टर्मवर्क, ओरल हे असतं. तिथे निदान एक प्रश्न असा घाला ज्याचं उत्तर पाठ करता येत नाही. ओरलमध्ये व्याख्या विचारण्याऐवजी मुलाच्याच जर्नलमधलं एक रीडिंग दाखवा आणि विचारा, हे दुप्पट आलं असतं तर काय समजला असतास? ऑटोनॉमस कॉलेजमध्ये (जिथे परीक्षा कॉलेजच घेतं) असाल तर सबब उरत नाही.

चर्चा मराठीत झाली तर चालेल का?

चालेल काय, व्हावी. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२१ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, पण त्यासाठी वेगळा कोर्स असण्याची गरज नाही. शेजाऱ्याला पटवताना मुलं आपसूक ‘करंट वाटला जातोय’, ‘लूप अडकलाय’ असंच बोलतात. तांत्रिक शब्द इंग्रजी, वाक्य मराठीचं. बीड-परभणीहून आलेला मुलगा वर्गात पहिल्यांदा तोंड उघडतो ते याच तीन मिनिटांत. वर्गात बिगरमराठी मुलं असतील तर जोड्या लावताना त्यांची सोय बघा.

चॅटजीपीटी सगळी उत्तरं देतं, आता याचा काय उपयोग?

घरच्या असाइनमेंटवरून काय समजलं ते ओळखायचे दिवस गेले, हे मान्य करून टाका. वर्गात बोटं दाखवून दिलेलं उत्तर, शेजाऱ्याशी केलेला वाद, लॅबमध्ये मीटर लावण्याआधी लिहिलेला अंदाज, यांचं महत्त्व त्याने वाढलंच आहे. चॅटजीपीटीकडूनच मुद्दाम चुकीचा कोड लिहून घ्या आणि मुलांना चूक शोधायला लावा.

सुरुवात कुठून करू?

तुमच्या विषयातल्या एकाच युनिटपासून. सगळा कोर्स एका सुट्टीत बदलायला जाणारे दिवाळीपर्यंत दमतात.

यावर शोधनिबंध लिहायचा असेल, किंवा फरक पडला का ते स्वतःला बघायचं असेल, तर मोजू कसं?

युनिट सुरू होण्याआधी दहा-पंधरा संकल्पनेचे प्रश्न द्या, मार्क नाहीत असं सांगून. प्रश्नपत्रिका परत घ्या, व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका. युनिट संपल्यावर तेच प्रश्न, क्रम बदलून. दोन्ही वेळी हजर असलेल्या मुलांचेच पेपर धरा. आधीची सरासरी ४० टक्के आणि नंतरची ७० टक्के असेल तर वाढ ३०. शिकायला उरलं होतं ६०. ३० भागिले ६०, म्हणजे ०.५. हेक यांनी वापरलेलं माप हेच. शक्य असेल तर शेजारच्या डिव्हिजनला शिकवणाऱ्या मॅडमना किंवा सरांना विनंती करून त्यांच्या वर्गातही हीच चाचणी घ्या, त्यांचं नाव कुठेही येणार नाही असं आधी सांगून. आणि सरासरीआधी प्रत्येक प्रश्नाचे चुकीचे पर्याय मोजा : कोणत्या चुकीच्या पर्यायावर आधी किती मुलं होती आणि नंतर किती उरली, हा तक्ता पुढच्या वर्षीचा लेसन प्लॅन करताना जास्त कामाला येतो.